पट्टी सोडायचे दिवस

पनवेलच्या लाइन आळीत आमचं बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान होतं. भाद्रपदात पाऊस ओसरायला लागला की नेऱ्याकडून एसटीने एक कातकरीण यायची आणि गल्ल्यासमोर उभी राहून मोरचूद मागायची. चिंधी तिचं नाव. वय चाळिशीच्या आसपास, अंगाने काटकुळी, आवाज मात्र असा की समोरच्या कापडवाल्याची गिऱ्हाइकं वळून बघायची. मोरचुदाचे निळे खडे ती तळहातावर घेऊन उजेडात धरायची. वरून पांढरे पडलेले दिसले की परत गोणीत टाकायची.

"शेट, ह्यातला जोर गेला. ह्यो लावून झाडाची जखम भरंल का? आतला द्या."

मी आतला द्यायचो. पहिल्या वर्षी चिडलो होतो, नंतर तिच्यासाठी चांगले खडे वेगळे काढून ठेवायला लागलो. या बाईला पुढे चोर ठरवण्यात आलं. ठरवणारी माणसं आजही चार लोकांत मान घेऊन वावरतात. हे सांगताना माझा आवाज चढतो, त्याला माझा इलाज नाही.

नेरे म्हणजे पनवेलच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला मुंबईच्या एका वकिलांनी तिथे गाढी नदीच्या अलीकडे तीन एकर जमीन घेतली, टुमदार बंगला बांधला आणि आंब्याची बाग लावायची ठरवली. खड्डे खणायला जवळच्या कातकरवाडीतला मंगळ्या आला, त्याच्याबरोबर त्याची बायको चिंधी आली. खड्डे संपले, मंगळ्या दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेला, चिंधी मात्र बागेत राहिली. राजापूरकडचा एक कलमं बांधणारा माणूस दोन पावसाळे तिथे येत असे. कोय रुजवायची, कोवळं लालसर रोप वीतभर झालं की शेंडा उडवून त्याला उभी चीर द्यायची आणि चांगल्या हापूसची काडी पाचरीसारखी त्यात बसवून वर पट्टी गुंडाळायची, हे सगळं चिंधीने त्याच्या शेजारी उकिडवं बसून पाहिलं. तिसऱ्या वर्षी तो आला नाही. हिने शंभर कलमं बांधली. त्याची शंभरातली साठ जगायची, हिची चौऱ्याऐंशी जगली.

पट्ट्यांसाठी ती दुधाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरायची. वकिलांच्या पत्नी, त्यांना सगळे बाईच म्हणत, दर शनिवारी मुंबईहून येताना आठवड्याच्या धुतलेल्या पिशव्या घेऊन यायच्या. पिशव्यांवर निळी अक्षरं असत. तशा पिशव्यांतलं दूध तेव्हा आमच्या पनवेलात मिळत नव्हतं. चिंधी त्या पिशव्यांच्या बोटभर रुंद पट्ट्या कापायची, त्यामुळे तिच्या प्रत्येक कलमाच्या गळ्यात निळ्या अक्षरांचे तुकडे दिसत.

बागेचं वर्ष पावसाळ्यात सुरू होतं असं लोकांना वाटतं. चिंधीच्या मते ते पाऊस गेल्यावर सुरू होतं. आभाळ निवळलं, दुपारचं ऊन चावायला लागलं की तिला श्वास घ्यायला फुरसत नसे. गवताला बी धरायच्या आत आळ्यांमधलं गवत काढायचं. आंब्यावरची बांडगुळं उतरवायची. खोडात भिरूड शिरला असेल तिथे भुसा पडलेला दिसतो, त्या भोकात सायकलची तार घालून अळी टोचून काढायची. वाळक्या फांद्या छाटायच्या आणि कापल्या जागी मोरचूद-चुन्याचा लेप द्यायचा. कुंपणाला लागून दहा हात पट्टा साफ करून ठेवायचा, म्हणजे पुढे डोंगराला वणवा लागला तर आत येत नाही. आणि श्रावणात बांधलेल्या कलमांच्या पट्ट्या सोडायच्या. हे सगळ्यांत महत्त्वाचं. कलम जिवंत झालं की खोड जाड होतं, प्लॅस्टिक मात्र ताणत नाही. पट्टी वेळेवर सोडली नाही तर ती खोडात रुतते आणि झाड गळा आवळून मरतं.

"बांदतात सगली," ती म्हणायची. "सोडायला कोनाला आठवन नाय ऱ्हात."

त्र्याण्णव सालच्या भाद्रपदात, पितृपक्षाच्या सुरुवातीला, पट्ट्या सोडायच्या आधी आठ दिवस, बागेतल्या सावलीत मांडून ठेवलेल्या कलमांतली साठ कलमं नाहीशी झाली.

बागेचा कारभार धर्मराज नावाचा एक माणूस बघत असे. सातबारा, तलाठी, वीज मंडळ, विहिरीचा पंप, वकिलांची सगळी कामं तोच करायचा. त्याने वकिलांना सांगितलं, कलमं वाडीवाल्यांनी पळवली. त्या शनिवारी सकाळी वकील, धर्मराज आणि दोन गडी वाडीवर गेले. मी तिथे नव्हतो. पण वाडीतल्या पाच-सहा जणांकडून नंतर ऐकलं आणि प्रत्येकाने तेच सांगितलं.

चोवीस झोपड्या त्यांनी तपासल्या. तपासल्या म्हणजे काय, तर मडकी उलथी केली, गोधड्या अंगणात फेकल्या, एका म्हातारीच्या उशाखालची तंबाखूची पुडी उघडून पाहिली. साठ कलमं तंबाखूच्या पुडीत मावतात असं धर्मराजला वाटलं असावं. चिंधीच्या घरात दुधाच्या पिशव्यांचं एक भेंडोळं मिळालं. बाईंनीच दिलेल्या पिशव्या. धर्मराजने ते वर धरून दाखवलं.

"ह्या पिशव्या बागेच्या कामाच्या. घरी कशाला आणल्यास?"

"पट्ट्या कापायला. दुपारी हात रिकामा असला का कापते," चिंधी म्हणाली.

वकील चिंचेखाली उभे होते. आत पाऊल टाकलं नव्हतं, चप्पल खराब झाली असती. तिथूनच म्हणाले, "तुम्हा लोकांना कितीही द्या, हात लांब तो लांबच. पोलिसात देत नाही हे उपकार समजा. उद्यापासून फाटकाच्या आत यायचं नाही."

चिंधीने त्यांना एकच विचारलं. "साहेब, माजीच कलमां मी चोरून लावू कुठं?"

जिच्याकडे पाय टेकण्याइतकीसुद्धा स्वतःची जमीन नाही ती साठ झाडं नेऊन करणार काय, हे कोर्टात उलटतपासणी घेणाऱ्याला सुचू नये? सुचलं असणार. पण त्याचा विचार करायचा तर धर्मराजकडे बघावं लागलं असतं आणि धर्मराज कामाचा माणूस होता.

नवरात्र बसलं. वाडीतल्या बायका डोंगरातून आपट्याचे डहाळे आणून पनवेलच्या बाजारात विकतात. चिंधीही दसऱ्याच्या आदल्या दिवशी डोक्यावर भारा घेऊन आली. बाजारात गर्दी म्हणून ती जुन्या पुणे रस्त्याच्या बाजूला फिरली. तिथे काशिराम नावाच्या माणसाची रोपवाटिका होती. झेंडू, शेवंती, शोभेची झाडं, फळांची रोपं. अर्ध्या तासाने ती माझ्या दुकानात उभी होती. डोक्यावर भारा नव्हता. कुठेतरी टाकून आली होती.

"शेट, माज्यासंगं चला."

"काय झालं?"

"मना वाचता येत नाय. तुमी यायचं आन् वाचायचं. दुसरं कायएक करू नका."

दुकानात गिऱ्हाइकं होती. खरं सांगायचं तर मी टाळाटाळ केली. म्हणालो, दुपारी येतो, आत्ता सणाचा धंदा आहे. ती गेली नाही. गल्ल्यासमोर उभी राहिली. ओरडली नाही. तिचा आवाज मला माहीत होता, त्यामुळे तिचं गप्प राहणं मला सहन होईना. दुकान नोकरावर सोपवून मी निघालो.

काशिरामच्या रोपवाटिकेत मागच्या बाजूला, जाळीच्या सावलीखाली आंब्याची कलमं रांगेत लावली होती. पुढे पाटी, हापूस. चिंधी एका कलमापाशी खाली बसली आणि गळ्यातली पट्टी बोटाने दाखवली.

"वाचा."

पट्टीवर निळी अर्धी अक्षरं होती. दुसऱ्या कलमावर दुसरी अर्धी अक्षरं. तिसऱ्यावर 'गाईचे' एवढा शब्द पूर्ण होता, चौथ्यावर 'मुंबई'. मी मोठ्याने वाचत गेलो. चिंधी काशिरामकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

काशिराम घाबरला. तो लबाड माणूस नव्हता. म्हणाला, "बाई, नेऱ्याच्या फार्महाऊसवरचा धर्मराज टेम्पोत घालून घेऊन आला. म्हणाला मालकाकडे जास्त झालीत. मला काय ठाऊक?"

"कवा आनली?"

"पितृपक्ष लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हंजे तीन हप्ते झाले." चिंधीने एक कलम उचलून त्याच्या नाकासमोर धरलं. पट्टीच्या वर आणि खाली खोड फुगलं होतं, मध्ये करकोचा पडला होता. "तीन हप्ते तुज्यासमोर हायत. डोले हायत ना तुला? धंदा कलमांचा करतोस आन् दसरा आला तरी पट्टी सोडत नाय?"

मला वाटलं होतं ती धर्मराजला शिव्या घालेल, छाती पिटून रडेल, निदान मला म्हणेल की शेट, आता पोलिसांत चला. तिने कमरेची पिशवी काढली, त्यातून अर्ध्या ब्लेडचा तुकडा काढला आणि पहिल्या कलमाची पट्टी मागच्या बाजूने उभी चिरली. मग दुसऱ्याची. काशिराम म्हणाला, अहो राहू द्या, मी करतो. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अठ्ठावन्न कलमं शिल्लक होती, दोन विकली गेली होती. अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न पट्ट्या तिने सोडल्या. चार कलमं बाजूला काढली, म्हणाली ही मेली, आता नाय जगायची. त्या चार कलमांपाशी बसून तिने पदराने तोंड पुसलं. त्या सगळ्या प्रकरणात तिच्या डोळ्यांत पाणी मी तेवढंच पाहिलं.

"घेऊन जा तुझी," काशिराम म्हणाला.

"माजी कशी? मालकाची हायत. त्येला सांगा घेऊन जायला."

मी दुकानात येऊन वकिलांना मुंबईला फोन लावला. सगळं सांगितलं. काशिराम साक्ष द्यायला तयार आहे हेही सांगितलं. मग ते म्हणाले, "बरं झालं कळवलंत. मी बघतो. तिला सांगा सोमवारपासून कामावर यायला."

"वाडीवर जाऊन कोणीतरी बोलायला हवं," मी म्हणालो.

"कशाला? अहो, त्या लोकांना आठवतही नसेल आता."

मी फोन ठेवला. चोवीस घरांच्या गोधड्या अंगणात फेकलेल्या, आणि त्यांना आठवत नसेल. धर्मराजला त्यांनी काढलं का? नाही. दिवाळीपर्यंत ठेवलं, कारण विजेच्या मीटरचं एक काम अर्धवट होतं. ते काम झाल्यावर त्याला दुसरीकडे एका ओळखीच्या बागेवर लावून दिलं, शिफारस करून.

निरोप घेऊन मी वाडीवर गेलो. चिंधीने ऐकून घेतलं. मंगळ्या शेजारी भाताचा पेंढा बांधत होता. तोही ऐकत होता.

"सोमवारी नाय येनार," ती म्हणाली. "ज्यानं हितं येऊन चोर म्हनलं त्यानं हितं येऊन सांगायचं, चोर नव्हती म्हनून. म्हातारीच्या म्होरं सांगायचं. मग बगू."

"ते मोठे लोक आहेत, चिंधी."

"मोटे हायत तर चालत यायला कितीक येल लागंल? पाय लांब आसतील."

मंगळ्या इतकंच म्हणाला, "ती नाय गेली तर भट्टीवर जाऊ दोगं. पन तिचां बरोबर हाय."

वकील आले नाहीत. पुढच्या रविवारी सकाळी बाई एकट्या आल्या. आधी दुकानात आल्या आणि मला म्हणाल्या, वाडीची वाट दाखवाल का. पाच वर्षं त्या बागेत येत होत्या, वाडी बागेपासून हाकेच्या अंतरावर, आणि वाट माहीत नव्हती. पण आल्या, हे मी नाकारत नाही. वाडीत पोचल्यावर त्या सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

"चिंधी, आमची चूक झाली. तू काही घेतलं नव्हतंस. पिशव्या मीच दिल्या होत्या, तेही मी त्या दिवशी बंगल्यावर बोलले नाही. मला माफ कर."

चिंधीने आत जाऊन एक गोणपाट आणलं, झटकून अंथरलं आणि बाईंना बसायला सांगितलं. पाणी दिलं. मग म्हणाली, "बाई, तुमी आलाव, तुमचां झालां. तुमच्यावर माजा राग ऱ्हायला नाय. पन चोर तुमी म्हनला नव्हता. ज्यो म्हनला त्यो आला पायजे. त्यो येत नाय तवर मी फाटकाच्या आत पाय टाकनार नाय."

बाईंनी मान खाली घातली. त्यांनी घरी काय ऐकलं असेल याची मला कल्पना आहे. त्यांनी विचारलं, "मग बागेचं काय करू? मला त्यातलं काही कळत नाही."

मला वाटलं आता ही म्हणेल, तुमचं तुम्ही बघा. म्हणायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. पण चिंधी म्हणाली, "झाडांनी काय केलंय," आणि मला म्हणाली, "शेट, लिवा."

माझ्याजवळ दुकानाचं बिलबुक होतं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर मी लिहीत गेलो. ती अंगणात फेऱ्या मारत सांगत होती आणि सांगता सांगता तिचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा चढत गेला. मोठ्या आंब्यांना आता पाण्याचा थेंब द्यायचा नाही, मोहर येऊन कणीएवढी फळं धरेपर्यंत नाही. तहान लागली तरच तो फुलतो. पाणी दिलंत तर नुसती पालवी येईल आणि मग म्हणाल, कातकरणीने करणी केली. लहान कलमांना मात्र आठवड्यातून दोनदा द्यायचं, बुडाशी गवत अंथरून. गुलाब आता छाटायचे. केळीची पिल्लं काढायची, एकच ठेवायचं. विहिरीकडच्या तिसऱ्या झाडाला भिरूड आहे, डाव्या अंगाला, गुडघ्याच्या उंचीवर, आजच्या आज तार घाला. आणि जी कलमं मागे राहिलीत त्यांच्या पट्ट्या सोडा, मागच्या बाजूनं ब्लेड मारा, पुढनं मारलं तर सांध्याला लागतं.

तिने एवढं सांगितलं की बिलबुकाची अकरा पानं भरली. बाई ती पानं घेऊन गेल्या. त्या दिवशी त्यांनी स्वतः खाली बसून पट्ट्या सोडल्या असं नंतर कळलं. चिंधी ते बघायला गेली नाही.

वकील कधीच आले नाहीत. त्या वर्षी चिंधी मंगळ्याबरोबर कळंबोलीच्या पलीकडे एका वीटभट्टीवर गेली. कलमं बांधणारे हात सहा महिने चिखल तुडवत, विटा थापत होते. का, तर एका सुशिक्षित माणसाला पाचशे पावलं चालून दोन वाक्यं बोलायची लाज वाटली. फाटकाच्या आत गेली असती तर सावलीत बसून काम करता आलं असतं. लोक तिला म्हणाले, अगं, एवढा काय ताठा. मी तिला काही म्हणालो नाही. पण तिच्या बाजूने चार लोकांत बोललोही नाही. वकील आमच्या दुकानाचे मोठे गिऱ्हाईक होते. हेही इथे सांगून टाकतो, म्हणजे राग फक्त दुसऱ्यांवर काढला असं होणार नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर ती भट्टीवरून परत आली, तेव्हा काशिराम तिला शोधत वाडीवर गेला. वकिलांनी परत न नेलेल्या त्या चोपन्न कलमांतलं एकही नंतर मेलं नव्हतं. त्याने तिला रोपवाटिकेत बोलावलं. ती म्हणाली, एका जागी बांधून घेणार नाही, श्रावणात येईन, कलमं बांधीन, आणि आश्विनात येऊन मीच सोडीन. सोडायचं काम दुसऱ्याकडे द्यायचं नाही. काशिरामने मान्य केलं. त्याचं बघून आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी बोलावलं. दोन-तीन वर्षांत ती पार उरणच्या रस्त्याला गव्हाणपर्यंत जायला लागली. आगऱ्यांच्या घरांच्या मागे, बांधावर, जिथे एखादा आंबा हवा असेल तिथे चिंधी जायची. आश्विनात ती परत आली आणि कोणी आपल्या मोठ्या आंब्याला पाणी घालताना दिसलं की त्याची धडगत नसे.

तिच्या हातची कलमं अशी वीस-बावीस गावांत लागली. भट्टीवरून परतली तेव्हा तिच्या स्वतःच्या दारात मात्र एकही नव्हतं. वाडीची जागा पनवेलच्या एका जुन्या जमीनदाराच्या नावावर होती. झोपडी बांधा, पण झाड लावायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. झाड लावलं की मुळं धरतात, आणि मग माणसंही हक्क सांगतात. तीन पिढ्या तिथे जन्मल्या आणि मेल्या, तरी दारात एक शेवगा लावायची मुभा नाही.

त्याच, चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात चिंधीने दारात कलम लावलं. काशिरामने दिलेलं, वर्षाचं, चांगलं पोसलेलं. ही बातमी कोणीतरी पनवेलला पोचवली आणि पंधरा दिवसांत जमीनदाराचा दिवाणजी छत्री घेऊन आला.

"हे उपट. उद्या म्हणशील जागा माझी."

"माजा सासरा हितं जल्मला, हितं मेला," चिंधी म्हणाली. "तवा झाड नव्हतां. मंग जागा कोनाची होती?"

"मला वाद नको. उपट."

"माजां काम लावायचां हाय. उपटायचां आसंल तर तुमी उपटा."

ती कलमाच्या एका बाजूला उभी राहिली. मंगळ्या दुसऱ्या बाजूला येऊन उभा राहिला. मग ती म्हातारी आली, जिची तंबाखूची पुडी उघडून पाहिली होती, आणि जिथे जागा मिळाली तिथे बसली. बाकीच्या घरांतूनही माणसं बाहेर आली. दिवाणजीने छत्री मिटली, उघडली, आणि म्हणाला, मालकांना सांगतो. त्यांनी काय सांगितलं ते कळलं नाही. दिवाणजी आणखी दोनदा येऊन बघून गेला. तोवर वाडीत नऊ कलमं लागली होती.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात चिंधीच्या झाडाला पहिल्यांदा सात कैऱ्या धरल्या. पिकेपर्यंत थांबायचं असं तिने सगळ्यांना बजावलं होतं. ती गव्हाणला गेली असताना वाडीने त्या मिठाबरोबर खाऊन टाकल्या. त्यात मंगळ्याही होता. चिंधी दोन दिवस अख्ख्या वाडीला शिव्या घालत होती, नवऱ्याला चार दिवस.